अठ्ठेचाळीस जागा : मेंडोलिनच्या सरावाविषयी



या वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चालकांनी विषय माझ्यावरच सोपवला होता. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर मी तेच बोलत आलो आहे, आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी ते ऐकलेले नाही असे फार थोडे लोक या मांडवात असतील. मी विषय कळवला तो मेंडोलिनच्या सरावाचा. त्यावर चालकांनी फोन करून विचारले, "साहेब, लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. मात्र तासाभराने आपणांस असे वाटले की मी हिंडूनफिरून कामगारांच्याच प्रश्नावर आलो, तर तो दोष माझ्या सवयीचा समजावा.

प्रारंभीच एक कबुली देतो. मी संगीताचा जाणकार नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात आणि वाचनालयात झाले. मेंडोलिन मी पंचेचाळिशी उलटल्यावर हाती घेतले. उस्तादाने शिकवताना एक अडचण असते. आपण स्वतः पूर्वी कोठे अडलो होतो, हे तो विसरून गेलेला असतो. मी ते विसरलेलो नाही, कारण मी अजून पुष्कळ ठिकाणी अडतो. तेवढ्याच अधिकारावर मी बोलत आहे.

मेंडोलिन हे मूळचे इटलीचे वाद्य. नेपल्स शहरी अठराव्या शतकात त्याला आजचे रूप आले. पोटाशी धरण्याएवढे लहान, आठ तारांचे. या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत लावलेल्या असतात, आणि व्हायोलिनच्या चार तारा ज्या सुरांत मिळवतात त्याच सुरांत या चार जोड्या मिळवतात. व्हायोलिनला पडदे नसतात, मेंडोलिनला असतात. तारेवर पिक मारले की सूर उमटतो आणि लगेच विझतो. तो टिकवायचा तर पिक भराभर खालीवर चालवावे लागते. चित्रपटांतल्या गाण्यांत ती थरथरती, चांदण्यासारखी तार आपण सर्वांनी ऐकली आहे. मीही त्यापलीकडे काही ऐकले नव्हते.

माझा एक सहकारी होता. लेथवर काम करी आणि आमच्या कलापथकात मेंडोलिन वाजवी. तो अकाली गेला. सहा महिन्यांनी वहिनींनी ते वाद्य माझ्या हाती दिले. म्हणाल्या, "भाऊजी, खुंटीला टांगलेलं बघवत नाही. तुम्ही वाजवा." मला नाही म्हणता आले नाही.

मी शिकू लागलो ते माझ्या पद्धतीने. आवडते गाणे घ्यायचे, चाचपडत सूर शोधायचे, आणि वहीत आकडे लिहून ठेवायचे : कोणती जोडी, कितवा पडदा. आकडे पाठ झाले की गाणे झाले. दोन वर्षांत सात गाणी बसली. युनियनच्या कचेरीत संध्याकाळी वाजवत असे. मंडळी माना डोलवत. मला वाटू लागले की मेंडोलिन मला येते.

तिसऱ्या वर्षी त्याच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला. वहिनी कधी चारचौघांत गात नसत. त्या दिवशी आपण होऊन उठल्या आणि त्याला आवडणारे एक भजन म्हणू लागल्या. माझ्या सात गाण्यांत ते भजन होते. मी मेंडोलिन उचलले. वहिनींची पट्टी होती काळी पाच, आणि माझ्या वहीतले सगळे आकडे पांढरी पाचचे. आपल्यापैकी जे पेटी वाजवतात त्यांच्या ध्यानात आले असेल : अंतर अवघ्या तीन पडद्यांचे. पण माझ्या आकड्यांत जिथे तिथे मोकळी तार होती, आणि मोकळी तार काही तीन पडदे वर सरकत नाही. मी वहिनींना खाली येण्याची विनंती केली. त्या आल्या, पण खालचे सूर गळ्यातच राहू लागले. मग मी शहाणपणा करून ताराच चढवू लागलो, तेव्हा सर्वांत बारीक तार फाडकन तुटली. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी," आणि खाली बसल्या. भजन अर्धेच राहिले.

मी संप हरलो आहे, खटले हरलो आहे. त्या हरण्यात दहा जण सोबत असतात. हे हरणे एकट्याचे होते, आणि त्याचा दंड दुसऱ्याला झाला होता.

त्या कार्यक्रमाला एक निवृत्त बँडमास्तर आले होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "पुढारी, तुम्हांला घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता पाठ आहे. गाव माहीत नाही." मंडळी, याहून नेमके निदान कोणी करणार नाही. आपला मनमाड रस्ता अडला की परगावचा माणूस गाडीत बसून राहतो. इथला माणूस कुठल्या बोळात शिरून कुठे निघायचे ते जाणतो. मला सात रस्ते पाठ होते. गाव पाहायचे राहिले होते. आणि मेंडोलिनचे गाव म्हणजे त्याची दांडी.

दुसऱ्या आठवड्यापासून मी मास्तरांकडे जाऊ लागलो. त्यांनी वही बंद करायला लावली, गाणी बंद करायला लावली, आणि सरगम हाती दिली. त्यांनी जे शिकवले ते मी आपणांस थोडक्यात सांगतो. वाद्य समोर नसले तरी समजेल असे ते सरळ आहे.

चार जोड्यांपैकी सर्वांत जाड जोडी मोकळी वाजवा आणि तिला सा म्हणा. तिच्या शेजारची जोडी मोकळी वाजवली की प येतो. तिसरी वरच्या सप्तकातला रे देते आणि चौथी, सर्वांत बारीक, ध देते. म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम आहे. तंबोऱ्यात जे सा आणि प यांचे नाते, तेच येथे तीनदा बांधलेले आहे. आता जाड जोडीवर मोकळा सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. पुढच्या जोडीवर मोकळा प, दुसऱ्यावर ध, चौथ्यावर नी, पाचव्यावर वरचा सा. आकडे पाहा : मोकळी, दोन, चार, पाच, पुन्हा मोकळी, दोन, चार, पाच. सा रे ग म यांच्यात जी अंतरे आहेत तीच प ध नी सा यांच्यात आहेत, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते बोटांना कळले.

दुसरा नियम सातव्या पडद्याचा. कोणत्याही जोडीचा सातवा पडदा दाबा. पुढची जोडी मोकळी वाजवल्यावर जो सूर येतो तोच सूर येईल. तिसरा नियम बाराव्याचा : तेथे तोच सूर एक सप्तक वर मिळतो. बारा पडदे आणि चार जोड्या. म्हणजे दांडीवर अठ्ठेचाळीस जागा. सप्तकातला प्रत्येक सूर प्रत्येक जोडीवर एकदा भेटतो. उदाहरणार्थ कोमल गंधार. जाड जोडीवर तो तिसऱ्या पडद्यावर आहे, दुसरीवर आठव्या, तिसरीवर पहिल्या आणि बारीक जोडीवर सहाव्या. यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीवरचा सूर अगदी एकच आहे. घर एक, दारे दोन. कोणत्या दाराने आत शिरायचे हे बोट आधी कुठे होते आणि नंतर कुठे जायचे आहे यावर ठरते. मास्तर मध्येच विचारीत, "कोमल ग कुठे?" आणि मी चारही जागा दाखवीपर्यंत पुढे जात नसत.

अठ्ठेचाळीस हा आकडा माझ्या चांगल्याच ओळखीचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या कामाची मर्यादा ठरवली ती अठ्ठेचाळीस तासांची. मास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या अठ्ठेचाळिसांसाठी पुष्कळ भांडलात. आता या अठ्ठेचाळिसांसाठी भांडा."

भांडणाची रीत अशी. सकाळी वीस मिनिटे. मोबाइलवर तंबोरा लावायचा. आरोह-अवरोह इतक्या सावकाश वाजवायचा की पुढच्या सुराआधी त्याचे नाव तोंडाने म्हणता यावे. नाव म्हणणे सर्वांत महत्त्वाचे. तोंड गप्प राहिले की बोटे आपापली धावू लागतात आणि डोके दुसरीकडे जाते. मग ती नुसती बोटांची तालीम होते. पिक खाली, वर, खाली, वर; हा क्रम मोडायचा नाही. मग पलटे : सारेग, रेगम, गमप, नंतर सारेगम, रेगमप. मग थाटांची ओळख. पंडित भातखंड्यांनी दहा थाट सांगितले आहेत. बिलावलमध्ये एकच सूर बदला, नी कोमल करा, खमाज झाला. त्यात ग कोमल करा, काफी. मग ध कोमल करा, आसावरी. मग रे कोमल करा, भैरवी. उलट बिलावलचा म तीव्र केला की कल्याण. एका वेळी एकच बोट एक पडदा सरकते आणि सगळा मुलूख बदलतो. हे हाताने करून पाहिल्यावर थाट म्हणजे काय ते मला प्रथम समजले.

एवढे झाल्यावर मास्तरांनी मोकळ्या तारांवर बंदी घातली. माझ्या दुखण्याचे खरे औषध हेच होते. आता सा मोकळ्या तारेवर नाही, पहिल्या बोटाखाली. समजा जाड जोडीच्या तिसऱ्या पडद्यावर पहिले बोट ठेवले, तो सा. पाचव्यावर दुसरे बोट, रे. सातव्यावर तिसरे, ग. आठव्यावर करंगळी, म. पुढच्या जोडीवर हीच चार बोटे याच चार पडद्यांवर : प, ध, नी, सा. मोकळी तार कोठेच नाही. म्हणून हा सगळा साचा उचलून एक पडदा वर न्या, पट्टी एकने चढली. दोन पडदे खाली आणा, दोनने उतरली. बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. आणि तिसऱ्या पडद्यावरचा हा सा कोणत्या पट्टीचा? काळी पाच. वहिनींची.

हा साचा पहिल्या बोटापासून पक्का झाला की दुसऱ्या बोटावर सा धरायचा, मग तिसऱ्या, मग करंगळीवर. दुसऱ्या बोटावर सा धरला की जोडी बदलण्याची जागा बदलते. मध्यम पुढच्या जोडीवर पहिल्या बोटाखाली जातो. चार बोटांचे चार साचे आले की दांडीवर कोठेही हात पडो, त्याच्या आसपास पुरे सप्तक सापडते. लेथवर घासून जाड झालेली माझी करंगळी वर्षभर कुरकुरत होती. कोणत्याही संघटनेत सर्वांत दुबळ्या सभासदाच्या गतीने चालावे लागते. मी करंगळीच्या गतीने चाललो.

हे सर्व मास्तरांनी किंवा इटलीने शोधून काढले असे मात्र समजू नका. येथून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. घराणे मूळचे काश्मीरचे. हुद्दा हिशेबखात्यातला वरिष्ठ. त्याने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात स्वरांच्या मांडणीचा हिशेब दिला. तीन सूर सहा तऱ्हांनी मांडता येतात, चार सूर चोवीस तऱ्हांनी, आणि सात सूर पाच हजार चाळीस तऱ्हांनी. अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, हे काढण्याचे कोष्टकही त्याने दिले. पुढे मेरुखंड या नावाने ही तालीम मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने जोपासली. मी सारेगमच्या चोवीस मांडण्या रोज दोन याप्रमाणे बारा दिवसांत फिरून आलो. पाच हजार चाळिसांच्या वाटेला गेलो नाही. तेवढी रजा शिल्लक नाही.

गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज अमदानीत तेथे चर्चला जोडलेल्या शाळांत गरिबाघरच्या मुलांनाही स्वरलिपी वाचायला आणि म्हणायला शिकवीत. आधी गळ्याने सरगम, मग हाती वाद्य. तीच मुले मोठी होऊन मुंबईला आली आणि चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसली. समोर कागद ठेवताच ते वाजवत, ही त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीच्या मुळाशी गावच्या शाळेतली ती सरगम आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या नगरच्या पद्मशाली बांधवांना विशेष आवडेल, कारण तो त्यांच्याच तेलुगू भाषेचा मुलूख. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेले यू. श्रीनिवास यांनी लहानपणीच मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून मोठमोठ्यांना थक्क केले. त्यांचे गुरू सुब्बराजू यांना मेंडोलिन वाजवता येत नव्हते. गुरू गात आणि मुलगा ते दांडीवर शोधून काढी. कर्नाटक संगीतातले पहिले पाठ, पुरंदरदासांच्या नावाने चालत आलेले, ते तरी काय आहेत? सरगमचे पलटेच. मेंडोलिनसाठी तेथे कोणी वाट आखून ठेवलेली नव्हती; गळ्याच्या वाटेवरून त्या मुलाने दांडी चालून काढली. २०१४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आता दोन आक्षेप. पहिला जाणकारांचा. ते म्हणतात, पडद्यांच्या वाद्यावर आपले संगीत कसे यायचे? आक्षेप पोकळ नाही. मेंडोलिनच्या पडद्यांनी सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि त्यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आपल्या श्रुतींचा हिशेब सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली पुस्तक लिहून मांडला होता. तंबोरा लावून सावकाश सरगम वाजवली की हे अंतर कानाला टोचू लागते. आणि टोचले पाहिजे. सज्जाद हुसेन, ज्यांना आपण 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब' या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ओळखतो, ते मेंडोलिनवर मिंड काढून राग वाजवीत. जोडतारा ओढून मिंड काढणे किती कठीण आहे ते बोट कापल्यावर कळते. श्रीनिवासांनी जोड्यांऐवजी एकेरी पाच तारांचे विजेवरचे मेंडोलिन घेतले. वाद्याची मर्यादा दोघांनीही नाकारली नाही. ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ती ओलांडता आली.

दुसरा आक्षेप आमच्या एका तरुण कामगाराचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो प्रेसवर काम करतो. कचेरीत माझी सरगम ऐकून म्हणाला, "काका, आम्ही दिवसभर तेच तेच करून येतो. तुम्ही घरी येऊनही तेच तेच करता?" मी त्याला तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. पुष्कळ विचार केल्यावर जे सुचले ते आज सांगतो. प्रेसवर हजार वेळा तीच हालचाल केली की हजार नग तयार होतात आणि ते फाटकाबाहेर जातात. माणूस होता तेथेच राहतो, थोडा झिजतो. गतीही दुसरा ठरवतो. सरगम हजार वेळा वाजवली की बाहेर काहीच जात नाही. जे घडते ते आत घडते. हजारावी सरगम वाजवणारा माणूस पहिली वाजवणारा राहत नाही. आणि गती त्याची त्याने ठरवायची असते. पण सावध राहावे लागते. मध्यंतरी मी रोज किती फेऱ्या झाल्या ते मोजू लागलो, वेग वाढवू लागलो. मास्तरांनी पिक हातातून काढून घेतले आणि म्हणाले, "पुढारी, येथे पीस-रेट नाही." ज्या दिवशी कान मिटून बोटे पळतात त्या दिवशी सराव हाही कारखानाच होतो.

आता वेळेविषयी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली. ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे अर्ज, सभा आणि सह्या यांचा पिच्छा पुरवला. जगभरच्या कामगारांनी मागितले ते आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मर्जीचे. पहिल्या दोन वाटण्यांवर आम्ही खूप बोललो. तिसऱ्या आठ तासांत माणसाने काय करावे, हे मी कोणत्याही फाटकावर बोललो नाही. आज माझ्याभोवती बारा-बारा तास पाळी करणारी पोरे आहेत. त्यांना सरगमची वीस मिनिटे कोठून मिळणार? ती मिळाली पाहिजेत ही माझी मागणी आहे. आणि ज्यांना ती मिळतात त्यांनी ती एखाद्या अवघड, बिनपैशाच्या, स्वतःच्या गोष्टीवर खर्च करावीत ही माझी विनंती आहे. मेंडोलिनच असे नाही. पण जे घ्याल त्याचे सात रस्ते पाठ करून थांबू नका. गाव पाहा.

शेवटी राहिलेली गोष्ट सांगतो. त्या अर्ध्या भजनानंतर दोन वर्षांनी पुन्हा स्मरणाचा कार्यक्रम झाला. वहिनी उठतील असे वाटत नव्हते. थोड्या वेळाने उठल्या. मी पट्टी विचारली नाही. त्यांनी पहिला सूर लावला आणि माझे पहिले बोट तिसऱ्या पडद्यावर गेले. अंतऱ्यात एके ठिकाणी मी चुकलो. वहिनींनी तो शब्द जरा लांबवला आणि मला वेळ दिला. भजन पुरे झाले. खाली बसताना त्यांनी विचारले, "भाऊजी, आज पट्टी कुणाची होती?"

मी म्हटले, "वहिनी, तुमचीच."